बदली भाग आणि त्याची चिठ्ठी

नाशिकरोड स्थानक सोडून गाडी ओढ्याच्या दिशेने निघाली, की खिडकीतून एकलहऱ्याच्या उंच चिमण्या दिसू लागतात. गोदावरीकाठच्या या औष्णिक वीजकेंद्रात १९७०-७१ मध्ये पहिले दोन संच सुरू झाले आणि १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॅटचे आणखी तीन संच उभे राहिले. पहिले दोन आता निवृत्त झाले आहेत. काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका गटाबरोबर आम्ही हे केंद्र पाहायला गेलो होतो. एक संच देखभालीसाठी बंद होता, त्यामुळे एरवी न दिसणारे बरेच काही उघड्यावर पाहायला मिळाले.

सर्वांचे लक्ष अर्थातच टर्बाइनच्या अवाढव्य चक्राकडे होते. आमच्या लक्षात मात्र वेगळीच गोष्ट राहिली. बॉयलरमध्ये बसवायच्या नव्या नळ्या एका बाजूला रचून ठेवल्या होत्या. प्रत्येक नळीवर काही अंक ठोकलेले होते. तिथल्या एका जुन्या तंत्रज्ञाने आम्हाला ते वाचून दाखवले. पोलाद कोणत्या प्रकारचे, कोणत्या भट्टीतल्या कोणत्या ओतीचे, हे त्या अंकांवरून कळते. त्या ओतीच्या चाचण्यांचा दाखला कार्यालयातल्या फायलीत असतो. अंक पुसले गेले किंवा दाखला हरवला, तर नळी कितीही नवी आणि चकचकीत असली तरी ती बॉयलरमध्ये जात नाही. नुसत्या डोळ्यांना साधे पोलाद आणि उष्णता सोसणारे मिश्र पोलाद यांत फरक दिसत नाही. बॉयलरला मात्र तो कळतो.

या चिठ्ठीचा इतिहास शोधू लागलो तेव्हा तो आम्हाला एकलहऱ्याहून थेट समुद्राच्या तळाशी घेऊन गेला. बदली भागांच्या बाबतीत जगातले सर्वांत कडक नियम ज्या यंत्रांना लागू होतात, त्यांत अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्या येतात. हे नियम कोणाच्या बुद्धीतून सहज सुचलेले नाहीत. त्यांच्यामागे माणसांचे प्राण गेले आहेत.

पाण्याखालचे वीजकेंद्र

अणुपाणबुडी हे नाव ऐकले की काहीतरी गूढ यंत्र डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात तिचे पोट एकलहऱ्याच्या केंद्राचेच लहान भावंड असते. एकलहऱ्यात कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, पाणबुडीत युरेनियमच्या विखंडनातून मिळणाऱ्या उष्णतेने करतात. पुढे वाफ टर्बाइन फिरवते, मग संघनकात जाऊन तिचे पुन्हा पाणी होते आणि ते पाणी परत फिरून येते. नववीच्या मुलालाही समजेल असे हे चक्र आहे.

फरक दोन ठिकाणी पडतो. एकलहऱ्यात टर्बाइन आणि जनित्र एकाच दांड्यावर मिनिटाला ३००० फेरे फिरतात, मध्ये दंतचक्रांची गरज नसते. पाणबुडीत टर्बाइन वेगाने फिरते, पण पाणी ढकलणारा पंखा हळू फिरावा लागतो. तो वेगाने फिरला तर पाण्यात बुडबुडे होऊन आवाज होतो, आणि आवाज झाला की पाणबुडी सापडते. म्हणून मध्ये वेग उतरवणारी मोठी गिअरपेटी लागते. तिचा एखादा दात किंचित जरी सदोष असला, तरी त्याचा ठरावीक स्वर पाण्यातून दूरवर ऐकू जातो.

दुसरा फरक संघनकाचा. एकलहऱ्यात संघनकाची एखादी नळी गळली तर थंड करणारे पाणी बॉयलरच्या शुद्ध पाण्यात मिसळते. रसायनतज्ज्ञाला पाण्याची विद्युतवाहकता वाढलेली दिसते आणि संच बंद करून नळी बुजवता येते. पाणबुडीच्या संघनकातून मात्र समुद्राचेच पाणी फिरते, आणि तेही बाहेरच्या खोलीवरच्या दाबाने. ही नळी म्हणजे एका अर्थाने पाणबुडीची भिंतच असते.

हा दाब किती, हे वर्गात फळ्यावर काढून दाखवता येते. पाण्याखाली दर १० मीटरला सुमारे एक वातावरण इतका दाब वाढतो. ४०० मीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४० किलोग्रॅम भार येतो. १० सेंटिमीटर व्यासाच्या नळीच्या तोंडावर तो ३ टनांहून जास्त होतो. त्या खोलीवर नळीला फक्त एक चौरस सेंटिमीटरचे छिद्र पडले, तर घर्षण सोडून दिल्यास पाणी सेकंदाला ८८ मीटर वेगाने आत येईल, म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ ९ लिटर. मुलांना टॉरिचेलीचा नियम शिकवताना डब्याला भोक पाडून दाखवतो, त्याच नियमाचा हा हिशेब आहे.

कठड्याची नळी

जगातली पहिली अणुपाणबुडी अमेरिकेची 'नॉटिलस'. ती १९५५ च्या जानेवारीत प्रथम अणुशक्तीवर समुद्रात निघाली. त्याआधी, १९५४ च्या सप्टेंबरमध्ये, ती धक्क्याला असतानाच एक लहानशी वाफेची नळी चाचणीच्या वेळी फुटली. भाग किरकोळ होता, पण चौकशीत जे आढळले ते किरकोळ नव्हते. त्या जागी अखंड ओढून काढलेली, जोड नसलेली नळी हवी होती. बसवली गेली होती ती पत्रा वळवून जोडलेली, कठड्याच्या कामाला वापरतात तशी नळी.

आता प्रश्न असा होता, की अशा आणखी किती नळ्या चुकीने बसल्या आहेत? बाहेरून सगळ्या सारख्याच दिसत होत्या, आणि कोणती नळी कोणत्या साठ्यातून आली याची विश्वासार्ह नोंद नव्हती. त्यामुळे एकच मार्ग उरला. संशयाच्या वर्तुळात येणाऱ्या सगळ्या नळ्या काढून नव्या बसवाव्या लागल्या. अमेरिकेच्या आरमारी अणुभट्ट्यांचा प्रमुख हायमन रिकोव्हर याने त्यात तडजोड होऊ दिली नाही. नळी एक फुटली, पण नोंद नसल्यामुळे शेकडो मीटर नळ्यांची किंमत मोजावी लागली.

याच नॉटिलसची दुसरी एक गोष्टही सांगण्यासारखी आहे. १९५८ मध्ये उत्तर ध्रुवाखालून जाण्याच्या सफरीआधी तिच्या संघनकाला गळती लागली होती. गळती नेमकी कुठे आहे ते सापडेना. शेवटी मोटारीच्या रेडिएटरची गळती बंद करायला गॅरेजमध्ये जे द्रव विकत मिळते, ते खलाशांनी दुकानांतून आणून वापरले आणि ते लागू पडले! युक्ती म्हणून तिचे कौतुक वाटते. पण अशा युक्त्यांवर किती काळ भरवसा ठेवायचा, याचे उत्तर पाच वर्षांनी मिळाले.

'थ्रेशर'

'थ्रेशर' ही शत्रूच्या पाणबुड्या आणि जहाजे हुडकून त्यांच्यावर हल्ला करण्यासाठी बांधलेली, तेव्हाची सर्वांत आधुनिक पाणबुडी. गोदीत मोठी दुरुस्ती होऊन ती १९६३ च्या एप्रिलमध्ये खोल बुडी मारण्याच्या चाचणीसाठी निघाली. १० एप्रिलला ती अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून दूर अटलांटिक महासागरात बुडाली. तिच्यावरचे सर्व १२९ जण मृत्युमुखी पडले.

चौकशी मंडळाने जो सर्वांत संभाव्य घटनाक्रम मांडला तो असा. यंत्रघरात समुद्राचे पाणी वाहणाऱ्या नळीचा एक जोड सुटला. आत घुसलेल्या पाण्याच्या फवाऱ्याने विद्युत यंत्रणेत बिघाड झाला, अणुभट्टी आपोआप बंद पडली आणि पुढे ढकलणारी शक्ती गेली. वर येण्यासाठी टाक्यांतले पाणी दाबाखालच्या हवेने बाहेर काढायचे, तर तेही जमले नाही. सायकलचा व्हॉल्व्ह सैल केला की बाहेर येणारी हवा गार लागते, हे आपल्या मुलांना ठाऊक असते. तसेच इथे घडले. वेगाने प्रसरण पावणारी हवा थंड झाली, तिच्यातल्या बाष्पाचे बर्फ झाले आणि हवेच्या वाटेवरच्या जाळ्या बर्फाने बुजल्या.

जोडांचा प्रश्न आधी अजिबात ठाऊक नव्हता असे नाही. हे जोड चांदीमिश्रित धातूची झाळ देऊन केलेले होते. झाळ आतपर्यंत पोचली की नाही ते बाहेरून दिसत नाही. गोदीतल्या दुरुस्तीच्या काळात त्यांपैकी १४५ जोड श्राव्यातीत ध्वनीने तपासले होते, आणि त्यांतले सुमारे १४ टक्के ठरलेल्या दर्जापेक्षा कमी निघाले होते. पाणबुडीत असे जोड हजारोंनी होते. न तपासलेल्यांत सदोष किती असतील, हे त्रैराशिक मांडून पाहता आले असते. मांडण्याइतके आकडे हातात होते.

त्याच वर्षी अमेरिकी आरमाराने एक नवी पद्धत सुरू केली. समुद्राचा दाब ज्या भागांनी अडवायचा आणि संकटात वर येण्यासाठी जे भाग लागतात, त्या प्रत्येक भागाचा जन्मदाखला हवा. धातू कोणता, ओत कोणती, चाचणी कोणी घेतली, जोड कोणी केला, कोणी तपासला, हे सगळे कागदावर हवे. 'चांगला कारागीर आहे, चांगलेच केले असणार' हा पुरावा चालणार नाही. १९१५ ते १९६३ या काळात अमेरिकेने युद्धाशिवायच १६ पाणबुड्या गमावल्या होत्या. त्यानंतर एकच बुडाली, १९६८ मध्ये 'स्कॉर्पिअन', आणि तिला या पद्धतीचे पूर्ण प्रमाणपत्र मिळालेले नव्हते.

अर्धी पाणबुडी बदलणे

एकलहऱ्यात ज्या क्षमतेचे संच आहेत तशा २१० मेगावॅटच्या संचांची मालिकाच आपल्या देशात उभी राहिली. भुसावळला, परळीलाही ते बसले. एकाच नमुन्याची यंत्रे अनेक ठिकाणी असली की त्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्याला काम मिळत राहते. पाणबुड्यांचे तसे नसते. एका नमुन्याच्या मोजक्या पाणबुड्या बांधून झाल्या की साचे मोडतात, कारागीर निवृत्त होतात. तीस वर्षांनी एखादा भाग हवा झाला तर तो कोण करणार?

अनेकदा उत्तर मिळते ते दुसऱ्या पाणबुडीच्या पोटात. ८ जानेवारी २००५ रोजी अमेरिकेची 'सॅन फ्रान्सिस्को' ही हल्ला-पाणबुडी पॅसिफिकमध्ये पाण्याखालच्या डोंगरावर आदळली. एक खलाशी दगावला, पाणबुडीचे नाक चेचले गेले. तिच्याच वर्गातली 'होनोलुलू' निवृत्त होणार होती. तिचे नाक कापून 'सॅन फ्रान्सिस्को'ला जोडण्यात आले. २०२० च्या जूनमध्ये फ्रान्सच्या तूलाँ बंदरात 'पेर्ल' या हल्ला-पाणबुडीला दुरुस्ती चालू असताना आग लागली आणि पुढच्या भागातले पोलाद निकामी झाले. फ्रान्सने तिचा पुढचा अर्धा भाग टाकून दिला, आणि आधीच निवृत्त झालेल्या 'साफिर' या तिच्या बहिणीचा पुढचा अर्धा भाग तिच्या मागच्या अर्ध्याला जोडला. २०२३ मध्ये ती पुन्हा सेवेत आली. बदली भाग म्हणून चक्क अर्धी पाणबुडी!

या गोष्टी शौर्याच्या वाटतात, पण रोजचा व्यवहार इतका नाट्यमय नसतो. अमेरिकेच्या नव्या 'व्हर्जिनिया' वर्गाच्या पाणबुड्यांत २०१३ पासूनच्या काही वर्षांत १६०० हून अधिक भाग एका पाणबुडीतून काढून दुसरीत घालावे लागले, असे २०२१ मध्ये उघड झाले. पाणबुडीच्या आयुष्यभर टिकतील असे गृहीत धरलेले काही भाग आधीच झिजले, आणि त्यांचे साठे करूनच ठेवले नव्हते.

आपल्याकडची गोष्ट

भारतात हा धडा प्रथम पाणबुडीने नव्हे, तर वीजकेंद्राने शिकवला. पालघरजवळच्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकी कंपनीने उभारून दिल्या. १९६९ मध्ये त्यांची वीज मिळू लागली. १९७४ मध्ये पोखरणचा अणुस्फोट झाला, १९७८ मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला, आणि इंधनाबरोबर सुट्या भागांचाही प्रश्न उभा राहिला. वर्षानुवर्षे वाटाघाटी चालल्या. दरम्यान आपल्या अभियंत्यांना मिळेल तिथे स्वतःच भाग घडवून भट्ट्या चालत्या ठेवाव्या लागल्या. चालवता येणे आणि घडवता येणे यांतले अंतर त्या काळात स्पष्ट झाले.

पाणबुडीची पाळी नंतर आली. १९८८ मध्ये सोव्हिएत संघाकडून एक अणुपाणबुडी भाड्याने घेऊन तिचे नाव 'चक्र' ठेवण्यात आले. तीन वर्षे आपले नौसैनिक तिच्यावर शिकले, आणि १९९१ च्या जानेवारीत ती परत गेली. त्याच वर्षअखेर सोव्हिएत संघच राहिला नाही. २०१२ मध्ये दुसरी 'चक्र' आली. ती हल्ला-पाणबुडी होती, रशियाकडून भाड्यानेच घेतलेली, आणि तीही २०२१ मध्ये परत गेली. भाड्याच्या घरात राहायला शिकता येते, पण भिंत कशी बांधली ते कळत नाही.

स्वतःच्या पाणबुडीचे काम याच काळात शांतपणे चालू होते. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तिच्या अणुभट्टीची रचना केली आणि कल्पाक्कमला जमिनीवर तिचा नमुना चालवून पाहिला. २६ जुलै २००९ रोजी विशाखापट्टणमला 'अरिहंत' पाण्यात उतरली, आणि मग तिचे भाग कोणी कुठे केले हे हळूहळू लोकांपुढे आले. तिच्या गिअरपेट्या इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला तयार झाल्या होत्या. वालचंद हिराचंद यांनी माळरानावर साखर कारखान्याच्या निमित्ताने उभे केलेले हे गाव. उसाच्या चरकाला प्रचंड जोर आणि संथ वेग लागतो, म्हणून साखर कारखान्यालाही वेग उतरवणारी दंतचक्रे लागतात. ऊस पिळणाऱ्या चक्रांपासून समुद्राखाली आवाज न करता फिरणाऱ्या चक्रांपर्यंतचा प्रवास एका रात्रीत होत नाही. त्याला माप घेणारी, चुकलेला भाग बाजूला काढणारी आणि तो का चुकला हे लिहून ठेवणारी माणसांची पिढी लागते.

अरिहंत ही क्षेपणास्त्रे वाहणारी पाणबुडी आहे. दोन अणुशक्तीवरच्या हल्ला-पाणबुड्या देशातच बांधायला मंजुरी मिळाल्याचे वृत्त २०२४ मध्ये आले. पाणबुडी तीस-पस्तीस वर्षे चालते. तिला लागणारे बदली भाग घडवणारी आणि तपासणारी माणसे आज कोणत्यातरी शाळेच्या बाकावर बसली आहेत.

उणे ७३ अंश

म्हणून शेवटची गोष्ट मुद्दाम सांगतो. अमेरिकेत टाकोमा या गावी एक ओतशाळा होती. पाणबुड्यांसाठी लागणारे मोठे ओतीव पोलादी भाग तिथून जात. पोलाद गारठले की ठिसूळ होऊ शकते, म्हणून त्याचा तुकडा उणे १०० अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे उणे ७३ अंश सेल्सिअसला थंड करून त्यावर हातोड्याचा आघात करून पाहायचा, असा नियम होता. तिथल्या धातुतज्ज्ञ बाईंना ही अट निरर्थक वाटे. चाचणीत तुकडा नापास झाला की त्या आकडे बदलून लिहीत. १९८५ ते २०१७, म्हणजे बत्तीस वर्षे हे चालले. किमान २४० ओतींच्या नोंदी खोट्या निघाल्या. त्यांच्या जागी यायच्या असलेल्या एका सहकाऱ्याला जुन्या कागदांवरचे आकडे संशयास्पद वाटले, तेव्हा हे उघडकीला आले. कंपनीने एक कोटी डॉलरहून अधिक भरपाई दिली आणि २०२२ मध्ये त्या बाईंना अडीच वर्षांची कैद झाली.

या पोलादामुळे पाणबुडी बुडाली नाही. पण आरमाराला मोठा खर्च करून एकेका पाणबुडीची खातरजमा करावी लागली. नॉटिलसच्या वेळी नोंद नव्हती. इथे नोंद होती, पण तिच्यावर विश्वास ठेवता येत नव्हता. दोन्हींचा परिणाम एकच झाला.

ही बातमी वाचली तेव्हा आम्हाला आमची शाळेतली प्रयोगवही आठवली. साध्या लंबकाचा प्रयोग. गुरुत्व त्वरण ९८० यायला हवे, हे आधीच ठाऊक. घड्याळ लावून वीस आंदोलने मोजली तेव्हा आले ९१०. सरांना ते दाखवायची हिंमत झाली नाही. मग ९८० वरून उलटा हिशेब करून आंदोलनकाल काढले, खरे वाटावेत म्हणून दशांश स्थळी थोडे मागेपुढे केले, आणि वहीवर 'उत्तम' असा शेरा मिळवला. आमच्या बाकावरच्या बहुतेकांनी हेच केले. त्या ९१० मध्ये काय चुकले होते, लांबी लंबकाच्या मध्यापर्यंत न मोजता वरपर्यंतच मोजली होती की काय, हे आम्हाला कधीच कळले नाही. कळण्याची एकमेव खूण आम्ही स्वतःच्या हाताने खोडली होती.

शिक्षक मित्रांनो, प्रयोगवह्या तपासताना एवढे करून पाहावे. ९१० आणणाऱ्या मुलाला वर्गासमोर बोलवावे, त्याचे निरीक्षण तसेच फळ्यावर लिहावे आणि 'लांबी कुठून कुठपर्यंत मोजलीस?' असे विचारावे. गुण उत्तराला न देता नोंदीला द्यावेत. खोडलेला आकडा एका रेघेने खोडावा, म्हणजे खालचा वाचता येतो, ही सवय लावावी. आणि एकलहऱ्यासारखे केंद्र किंवा जवळचा एखादा कारखाना दाखवायला मुलांना नेलेत, तर टर्बाइन पाहून झाल्यावर त्यांना थोडा वेळ भांडारातही न्यावे. नळीवर ठोकलेले ते अंक त्यांना स्वतः वाचू द्यावेत.